निपाणीचा रुग्ण कोणाच्या वहीत?

निपाणीतल्या एखाद्या विडी कामगार बाईच्या तोंडातली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा ती आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते, तिथून कोल्हापूरला जाऊन तुकडा तपासून घेते, किरणोपचारासाठी मिरजेला किंवा बेळगावला जाते, पैसा आणि बळ दोन्ही पुरले तर मुंबईला टाटा रुग्णालयात नाव घालते, आणि यातले काहीच जमले नाही तर घरी राहते. प्रत्येक ठिकाणी तिचा वेगळा केसपेपर निघतो. बेळगाव जिल्ह्यातील कर्करोगाचा आकडा सांगणाऱ्या कोणत्या वहीत तिची नोंद व्हायला हवी आणि प्रत्यक्षात ती कुठे होते, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण आरोग्यावरचा खर्च, तपासणी शिबिरे, किरणोपचाराची यंत्रे आणि ‘आपल्या भागात कॅन्सर फार वाढलाय’ ही रोज कानावर पडणारी तक्रार, या सगळ्यांचा पाया त्या नोंदीवर उभा आहे.

कर्करोगाची मोजणी मुख्यतः दोन वाटांनी होते. एक वाट कर्करोग नोंदणीची, म्हणजे रजिस्ट्रीची; दुसरी लोकसंख्येच्या अभ्यासाची, म्हणजे घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांची किंवा ठरावीक माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या पाहण्यांची. दोन्हींचे आकडे सहसा जुळत नाहीत. असे झाले की नोंदणी खरी आणि घरोघरचे उत्तर कच्चे, असा निकाल लावण्याची अभ्यासकांना सवय आहे. ही सवय सीमाभागात चालणार नाही, असे माझे मत आहे. जिथे नोंदणीलाच राज्याच्या सीमेवर गळती लागते, तिथे ती मोजपट्टी म्हणून वापरता येत नाही. दोन्ही याद्या माणूस-माणूस लावून ताडाव्यात, आणि जी नावे एका यादीत आहेत पण दुसरीत नाहीत त्यांच्या मागे जावे. माहिती त्या न जुळलेल्या नावांतच असते.

आधी नोंदणीविषयी. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१च्या अखेरीस ठरला आणि १ जानेवारी १९८२ पासून बंगळूर, चेन्नई आणि मुंबई येथे त्याखाली नोंदी होऊ लागल्या. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीत उभी राहिली. लोकसंख्याधारित नोंदणीचा नियम सोपा आणि कडक आहे. एका निश्चित भूभागात किमान एक वर्ष राहिलेल्या माणसाला कर्करोगाचे निदान झाले, तर ते निदान देशात कुठेही झालेले असो, त्याची नोंद त्या भूभागाच्या नावावर एकदाच व्हावी. रुग्णालयाची नोंदणी याहून वेगळी आहे. तिथे दारात आलेला प्रत्येक रुग्ण मोजला जातो, मग तो कुठलाही असो. वर्तमानपत्रांतील बातम्यांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. एखाद्या रुग्णालयात गेल्या वर्षीपेक्षा जास्त रुग्ण आले, याचा अर्थ आसपास कर्करोग वाढला असा होत नाही. नवे यंत्र आले, नवी योजना लागू झाली किंवा शेजारच्या शहरातले डॉक्टर निघून गेले, इतक्यानेही संख्या वाढते.

२०१२ ते २०१६ या काळाचा राष्ट्रीय अहवाल २०२० साली निघाला. त्यात २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची आकडेवारी होती. कर्नाटकातून एकटे बंगळूर होते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी, आणि उस्मानाबाद-बीड होते. बेळगाव त्यात नव्हते, तसेच कोल्हापूर आणि सांगलीही नव्हते. म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना असलेला हा सलग पट्टा त्या अहवालात कोरा होता. २०११च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७.७९ लाख होती आणि राज्यात तो बंगळूर शहर जिल्ह्याखालोखाल मोठा होता. २०२२ साठी देशाचा अंदाजित दर लाखामागे सुमारे १०० नव्या रुग्णांचा होता. तो दर जसाच्या तसा लावला तर त्या लोकसंख्येत वर्षाला ४,८०० च्या आसपास नवे रुग्ण निघायला हवेत. हा आकडा मी बेळगावचा म्हणून देत नाही; एका जिल्ह्यात केवढ्या नोंदी सांभाळायच्या आहेत, त्याची केवळ कल्पना यावी म्हणून देतो.

आता दुसरी वाट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत, तुम्हाला सध्या कर्करोग आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तो १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना आणि १५ ते ५४ वयाच्या पुरुषांना विचारला जातो. बहुतेक कर्करोग ज्या वयात होतात ते वय याच्या पुढचे आहे. शिवाय पाचव्या फेरीत देशभर सुमारे ६.३७ लाख घरे आणि ७०७ जिल्हे होते, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरे. इतक्या घरांतून कर्करोगाची जी प्रकरणे हाती लागतील ती बोटांवर मोजण्याइतकी असतील आणि त्यांवरून जिल्ह्याचा दर काढणे हा शुद्ध अविचार ठरेल. वृद्धत्वाचा दीर्घकालीन राष्ट्रीय अभ्यास ४५ वर्षांपुढच्या माणसांना विचारतो, त्यामुळे वयाची अडचण दूर होते, पण तो राज्यासाठी आखलेला आहे, तालुक्यासाठी किंवा जिल्ह्यासाठी नाही.

शिवाय दोन्ही वाटा एकच गोष्ट मोजत नाहीत. नोंदणी वर्षभरात नव्याने निदान झालेल्यांना मोजते, त्यात पुढे लगेच मरण पावलेलेही येतात. सर्वेक्षण मात्र दार उघडायला जिवंत असलेल्यालाच भेटते. अन्ननलिका, फुप्फुस किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार काळ जगत नाहीत. ते सर्वेक्षणात जवळपास दिसतच नाहीत. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बाईची गाठ मात्र दहा वर्षांनीही पडते. म्हणून सर्वेक्षणातील कर्करोगांचे चित्र स्तनाकडे झुकते आणि नोंदणीतले चित्र जास्त काळे असते. हा फरक कोणाची चूक नाही. तुलना करताना आधी तो बाजूला काढावा लागतो, आणि नेमके तेच केले जात नाही.

याखेरीज न सांगण्याचा भाग आहे. जगभरात घरोघरची उत्तरे नोंदणीशी ताडून पाहिली गेली आहेत आणि त्यातून एक सर्वसाधारण गोष्ट दिसते, की स्तनाच्या कर्करोगाविषयी बायका बरोबर सांगतात, पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत पूर्वावस्थेतील बदलालाही कर्करोग म्हटले जाते, आणि यकृतात किंवा हाडांत पसरलेला रोग मूळचा तिथलाच समजून सांगितला जातो. आपल्याकडे याच्या उलट दिशेची चूक मोठी असणार, असे मला वाटते. रुग्णालाच निदान सांगितलेले नसते. घरातला कर्ता माणूस उत्तर देतो, आणि लग्नाची मुलगी घरात असेल तर तो ‘गाठ होती, काढली’ एवढ्यावर विषय मिटवतो. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांच्या मागे साधी गाठ, अतिरक्तस्राव किंवा कर्करोग यांपैकी काहीही असू शकते आणि विचारणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. त्यात विचारणारा कन्नड बोलणारा आणि घर मराठी असेल, किंवा याच्या उलट, तर पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही.

एवढे सगळे मान्य करूनही सर्वेक्षणाला कच्चे म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याचे कारण भारताच्याच आकडेवारीत आहे. २०१२-१६च्या अहवालात पुरुषांमधला वयसमायोजित दर, म्हणजे वयरचनेतला फरक काढून टाकून काढलेला दर, दिल्लीत लाखामागे १४७.० होता आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५, म्हणजे देशातल्या सर्व नोंदण्यांत सर्वांत कमी. नोंदणी वाचणाऱ्याला यावरून खेड्यात कर्करोग शहराच्या पावपट आहे असे वाटेल. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीवर आधारलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने याच्याकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. प्रशिक्षित कर्मचारी मृताच्या घरी गेले, नातेवाइकांकडून शेवटच्या आजाराची हकीकत त्यांनी टिपून घेतली आणि ती वाचून डॉक्टरांनी कारण ठरवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ३० ते ६९ वयाच्या पुरुषांमध्ये कर्करोगाच्या मृत्यूंचा दर ग्रामीण भागात लाखामागे ९५.६ आणि शहरी भागात १०२.४ होता, स्त्रियांमध्ये ग्रामीण ९६.६ आणि शहरी ९१.२. म्हणजे मृत्यूत खेडे आणि शहर जवळजवळ सारखे.

ही दोन मापे वेगळ्या काळांची आणि वेगळ्या वयोगटांची आहेत, त्यामुळे ती थेट वजा करता येणार नाहीत. तरी कोडे राहतेच. रोग पावपट आणि मृत्यू सारखे, हे एकाच वेळी खरे असायचे तर खेड्यातला रुग्ण शहरातल्या रुग्णापेक्षा फार मोठ्या प्रमाणात मरत असला पाहिजे, किंवा खेड्यातल्या रुग्णांपैकी बरेच जण निदानापर्यंत पोहोचतच नसले पाहिजेत. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या आणि स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. जे निदानच झाले नाही ते कोणत्याही नोंदणीत येणार नाही, नोंदणी कितीही चोख असली तरी. बार्शीच्या लोकांनी हे ओळखून पहिल्यापासून गावोगाव फिरण्याची पद्धत ठेवली, आणि ग्रामीण नोंदणी कशी असावी याचा धडा म्हणून आजही तिकडेच पाहावे लागते.

डेन्मार्कमध्ये कर्करोगाची नोंद १९४३ पासून आहे आणि १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एकच कायम क्रमांक आहे. तिथे एखाद्या अभ्यासातल्या माणसाने ‘मला कर्करोग झाला होता’ असे सांगितले आणि नोंदणीत तो सापडला नाही, तर माणूस चुकला असे म्हणणे बव्हंशी रास्त ठरते. तिथल्या तुलनेची पद्धत उचलून आपण इथे आणली आणि न सापडलेल्या प्रत्येकाला ‘चुकीचे उत्तर’ या रकान्यात टाकले, तर आपण ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची तिलाच परीक्षक नेमले असे होईल. निपाणीच्या बाईने खरे सांगितलेले असते. तिचा कागद फक्त कोल्हापुरात राहिलेला असतो.

ही गळती नेमकी कुठून होते ते नकाशावर बोट ठेवून सांगता येते. निपाणीहून कोल्हापूर बेळगावच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. कागवाड आणि अथणीच्या माणसाला मिरज हाकेच्या अंतरावर वाटते आणि जिल्ह्याचे ठिकाण दूरचे. खानापूर तालुक्यातले काही रुग्ण बेळगावला येतात, काही घाट उतरून गोव्यात बांबोळीला जातात. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूच्यांना हुबळी-धारवाड सोयीचे पडते. उलट दिशेने चंदगडची माणसे बेळगावला येतात, कारण त्यांचे स्वतःचे जिल्ह्याचे शहर त्यांना लांब आहे. त्यामुळे बेळगावातल्या रुग्णालयांची यादी घेतली तर तिच्यात महाराष्ट्रातले रुग्ण मिसळलेले असतात आणि जिल्ह्याच्या पश्चिम-उत्तर तालुक्यांतले रुग्ण गळालेले असतात. हे दोन दोष एकमेकांना भागत नाहीत. एकूण संख्या योगायोगाने बरोबर आली तरी कोणत्या तालुक्यात कोणता कर्करोग जास्त, हे चित्र पार बिघडते. आणि बिघडते ते नेमके तंबाखूच्या पट्ट्यात, म्हणजे निपाणी-चिक्कोडीकडे.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. त्या वादाची राजकीय बाजू मी इथे घेत नाही. पण मोजणीच्या दृष्टीने त्याचा परिणाम उघड आहे. एकाच गावातला एक रुग्ण आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकाच्या खात्यात जातो आणि दुसरा महाराष्ट्राच्या. दोन्ही योजनांकडे उपचारांच्या मंजुरीचे कागद असतात, त्यांत निदान लिहिलेले असते, तारीख असते. कर्करोग शोधणाऱ्याला इतकी सोयीची यादी दुसरी मिळणार नाही. मात्र त्या दोन याद्या एका टेबलावर कधी आल्या नाहीत, तर सीमाभागातला रुग्ण दोन राज्यांच्या दाव्यांत असूनही एकाच्याही हिशेबात धड बसणार नाही. आपल्या गावांवर हक्क सांगणारे दोन्ही बाजूंचे पुढारी त्या गावांतल्या रुग्णांच्या नोंदीवर मात्र हक्क सांगायला पुढे आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मृत्यूच्या दाखल्यांचा आधार घ्यावा, तर तिथेही तीच अडचण आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथे त्याची नोंद होते, माणूस जिथला असेल तिथे नव्हे. अथणीचा माणूस मिरजेत वारला तर दाखला मिरजेचा. वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू २०२० साली देशभरात नोंदलेल्या मृत्यूंच्या २२.५ टक्केच होते. चांगल्या नोंदणीची पारख करताना जगात जी मापे लावतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्या रुग्णांचे प्रमाण, केवळ मृत्युदाखल्यावरून कळलेल्यांचे प्रमाण आणि मृत्यू व नवे रुग्ण यांचे गुणोत्तर, त्यांतली शेवटची दोन मापे अशा परिस्थितीत दिशाभूल करतात. केवळ दाखल्यावरून कळलेले रुग्ण कमी आहेत म्हणून नोंदणी उत्तम, असा निष्कर्ष निघतो. खरे तर दाखलेच हाती आलेले नसतात.

दोन याद्या ताडून दोघींनीही गमावलेल्यांचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. समजा एका भागात नोंदणीने ८० रुग्ण पकडले, घरोघरच्या पाहणीने ५० पकडले आणि त्यांतले ४० दोन्हींत आहेत. दोन्ही याद्या मिळून ९० जण कळले. पाहणीत सापडलेल्या ५० पैकी ४०, म्हणजे पाचांतले चार, नोंदणीला माहीत होते. तेव्हा नोंदणीची पकड ऐंशी टक्के धरली तर खरी संख्या १०० येते आणि दहा जण कोणालाच सापडले नाहीत असे म्हणता येते. रीत साधी आहे, पण तिचा सगळा भार त्या ४० वर आहे. नावे जुळवताना त्यांतली दहा निसटली, म्हणजे माणूस एकच असून दोन समजला गेला, तर सामाईक संख्या ३० होते आणि अंदाज १३३ वर जातो. जागेवरून कोणीही हलले नाही, कोणाला नवा रोग झाला नाही, आणि कर्करोग एका तृतीयांशाने ‘वाढला’.

सीमाभागात अशी नावे निसटण्याची शक्यता किती आहे, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. मराठी घरातला माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितो. कन्नड वळणाच्या कागदावर तेच आद्याक्षरांत जाते किंवा क्रम बदलतो. रोमन अक्षरांत एकाच आडनावाची तीन रूपे असतात. बायकांची माहेरची आणि सासरची नावे वेगळी, आणि आधार कार्डावर एक तर रेशन कार्डावर दुसरे. पाटील, जाधव, कांबळे इतके आहेत की नाव आणि वय जुळले तरी माणूस तोच असेल याची खात्री नाही. गावांच्या नावांचेही तसेच. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. मिरजेच्या केसपेपरवर नुसते ‘खानापूर’ लिहिले असेल तर तो रुग्ण कोणत्या राज्याचा? उलट बाजूची चूकही ध्यानात ठेवावी. शहरात उपचार घेणारा, बोलका, कागद जपून ठेवणारा माणूस दोन्ही याद्यांत सापडतो. ज्याने दवाखाना पाहिलाच नाही आणि ज्याच्या घरचे बोलत नाहीत तो दोन्हींतून सुटतो. त्यामुळे हा अंदाज खऱ्यापेक्षा कमीही येऊ शकतो. नेमका कोणत्या बाजूला कलला आहे हे ठरवायला न जुळलेल्या नावांच्या घरी जाण्यावाचून दुसरा उपाय नाही.

हे सगळे तपशिलाचे वाटेल, म्हणून पंजाबचे उदाहरण. माळवा भागात कीटकनाशकांमुळे कर्करोगाचा कहर झाल्याची चर्चा देशभर झाली, आणि राज्य सरकारने २०१२-१३ मध्ये घरोघर सर्वेक्षण केले. त्यानंतर मानसा, संगरूर, मोहाली आणि चंदीगड येथे लोकसंख्याधारित नोंदण्या सुरू झाल्या. त्यांच्या आकड्यांत कर्करोगाचे दर चंदीगड-मोहालीत जास्त आणि माळव्यातल्या मानसा-संगरूरमध्ये कमी निघाले. यावरून माळव्यातली माणसे खोटे बोलत होती असे म्हणणे क्रूरपणा होईल. निदान, वय, उपचाराची सोय आणि मोजण्याची पद्धत यांतला फरक धरल्याशिवाय दोन्ही आकडे मुके आहेत, इतकेच त्यातून कळते. आपल्याकडे कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्याबद्दल हेच बोलले जाते. अथणी-रायबागच्या पाण्याबद्दल, औषधफवारणीबद्दल सभांमधून ठाम विधाने होतात. ती खरी असतील किंवा नसतील. पण नोंदणी नसताना ती विधाने करणारा आणि ती फेटाळणारा, दोघेही सारखेच निराधार आहेत, आणि फेटाळणाऱ्याला त्या निराधारपणाचा फायदा जास्त होतो.

नोंदणी आणि लोकसंख्येचा अभ्यास यांचा संसार नीट लावला तर काय हाती लागते, याचे पुरावे आपल्या देशातच आहेत. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरील वाळूत नैसर्गिक किरणोत्सार जास्त आहे. तिथे १९९० मध्ये नोंदणी उभारली, घरोघर जाऊन माहिती घेतली, आणि सुमारे ७०,००० जणांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊन २००९ साली सांगता आले, की त्या किरणोत्सारामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. मुंबईत मतदार याद्यांवरून १,४८,१७३ जणांची तंबाखूची सवय १९९० च्या दशकात नोंदवली गेली आणि पुढे ती नावे मुंबईच्या कर्करोग नोंदणीशी ताडून विडी, सिगारेट आणि चघळण्याची तंबाखू यांचा धोका वेगवेगळा मांडता आला. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवरील अभ्यासात एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली जगाला कळले. पुढच्या आठ वर्षांत त्यांतल्या कोणाला रोग झाला आणि कोण गेले याचा शोध घेणारी नोंदणी मागे उभी नसती, तर हे समजलेच नसते. बार्शी-उस्मानाबादचा तो मुलूख बेळगावपेक्षा श्रीमंत नाही.

निपाणीत विडी वळणाऱ्या आणि वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न देशापुढे आणला, कामगार संघटनांनी मजुरीचा आणला. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात घेणाऱ्या आणि वर मशेरी लावणाऱ्या या बायकांना पुढे काय होते, हा प्रश्न मुंबईच्या धर्तीवर विचारता येण्याजोगा आहे. त्यांची यादी करणे अवघड नाही, विडी कामगारांची ओळखपत्रे असतात. अवघड आहे ते पुढे त्यांना कोल्हापूर, मिरज, बेळगाव आणि मुंबई या चारही ठिकाणी ओळखणे.

‘आधी तपासणी करा, यंत्रे आणा, आकडे नंतर बघू’ असा आक्षेप डॉक्टर मंडळी घेतात आणि तो मनापासूनचा असतो. बेळगावात उपचाराच्या सोयी अलीकडे वाढल्या आहेत, हे खरे आणि स्वागतार्ह आहे. पण तपासणी वाढली की नोंदणीतला आकडा आधी वाढतो, आणि तो का वाढला हे सांगणारी जुनी नोंद नसेल तर यशस्वी मोहीमही लोकांना साथीसारखी दिसू लागते. तिशीपुढच्या माणसांची माहिती आशा कार्यकर्त्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घरोघर जाऊन भरतातच. म्हणजे लोकसंख्येच्या पाहणीचा खर्च निम्मा तरी आधीच होत आहे. तो नोंदणीशी जोडायचा राहिला आहे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. जिथे आजाराचे नाव घेतल्याने सोयरीक मोडते, तिथे नावानिशी याद्या दोन राज्यांमध्ये फिरवणे ही जोखीम आहे. म्हणून जुळवणी एकाच ठिकाणी, मोजक्या शपथबद्ध माणसांनी करावी आणि बाहेर फक्त संख्या जाव्यात. ग्रामपंचायतीच्या किंवा पक्षाच्या माणसाच्या हाती ती यादी कधीही पडू नये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आपल्याकडे आहे. त्याचे कारण दाखवून नोंदच टाळणे सोपे, आणि त्याच्या चौकटीत नोंद ठेवणे थोडे कष्टाचे आहे.

कर्नाटकाने कर्करोगाची नोंद कळवणे बंधनकारक केले आहे, पण त्या आदेशाची हद्द सीमेवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी संपते. कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेला तो लागू नाही. म्हणून बेळगाव जिल्ह्यासाठी लोकसंख्याधारित नोंदणी मागताना ती नुसती जिल्ह्यातल्या रुग्णालयांची मागू नये. बंगळूरच्या राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या तिन्ही जिल्ह्यांची एकत्र योजना व्हावी, हुबळी आणि बांबोळी येथून नोंदी घेण्याचा करार तिच्यात असावा, आणि दोन्ही राज्यांच्या आरोग्य योजनांचे मंजुरीचे कागद निवासाच्या पत्त्यावरून वाटून घेतले जावेत. केंद्र सरकारची संस्था मध्ये असली की कोणत्याही राज्याला दुसऱ्याचा हक्क मान्य केल्यासारखे होत नाही. हा राजकीय पेच आहे आणि तो असा सोडवता येतो. केसपेपरवर गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य ही चारही पदे सक्तीची करावीत, नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत घ्यावे, विवाहित स्त्रीच्या माहेरच्या नावासाठी रकाना ठेवावा, आणि जिथे रहिवासाला एक वर्ष झाले का हे विचारायचे तिथे ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्यांसाठी वेगळी खूण असावी. तीन वर्षांनी निवडक गावांत घरोघर पाहणी करून तिची यादी नोंदणीशी ताडावी. आणि प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात जुळलेल्यांची टक्केवारी देऊन थांबू नये. न जुळलेल्यांपैकी किती जणांचा कागद सीमेपलीकडे सापडला, किती जणांना कर्करोग नव्हताच आणि किती जणांचा पत्ताच लागला नाही, हे तालुकावार छापावे.